पिन दारात पडली पाहिजे!

नकाशावरचा तो लाल ठिपका बसतो कुठे आणि बसायला हवा कुठे? पुण्याच्या पेठा, सात रविवार, एक लॅपटॉप, एक मोबाइल... आणि बाबा!

जुलै २०२४. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. बाहेर बारीक पाऊस. बाबा पलंगावर बसलेले, एक हात छातीवर, कपाळावर घाम. आई म्हणतेय, ‘अरे, कुठवर आली ते विचार ना!’ आणि फोनवर अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर मला शांतपणे सांगतोय, ‘साहेब, लोकेशनवरच उभा आहे. तुम्ही या की खाली.’

मी खालीच होतो. रस्ता मोकळा. एक कुत्रं सोडलं तर कुणी नाही.

‘दादा, नक्की कुठे आहात?’

‘तुमच्या बिल्डिंगला लागूनच. समोर भिंत आहे बघा.’

भिंत म्हटल्यावर माझी ट्यूब पेटली. तो मागच्या गल्लीत उभा होता!

आमची सोसायटी म्हणजे सदाशिव पेठेतला जुना वाडा पाडून बांधलेली चार मजली इमारत. तिचं दार पुढच्या रस्त्याला, तेही दोन दुकानांच्या मधल्या बोळातून. मागच्या गल्लीला आमची फक्त भिंत लागते. आठ फूट उंच आणि वर काचा. तिथून आमच्याकडे यायचं तर मांजराचाच जन्म घ्यायला हवा. गाडीनं यायचं तर वन-वे धरून मोठा वळसा.

शेवटी शेजारचे काका पायजमा-बनियनवर, मोबाइलचा टॉर्च लावून चौकात जाऊन उभे राहिले. त्यांनी हात हलवला, गाडी वळली, दारात आली. मधे अकरा मिनिटं गेली होती.

बाबा आज ठणठणीत आहेत, हे आधीच सांगून टाकतो. दोन स्टेंट, मूठभर गोळ्या, जिलबी बंद आणि डॉक्टरांवर राग. बाकी झकास! पण ती अकरा मिनिटं माझ्या डोक्यातून काही केल्या जाईनात. कारण मंडळी, ती पिन मीच टाकली होती.

हो, मीच. मी वेब डेव्हलपर आहे. हिंजवडीतल्या एका ऑफिसात बसून दिवसभर क्लायंटच्या नकाशांवर ठिपके मांडणं हाच माझा धंदा. काही वर्षांपूर्वी एका कंटाळवाण्या शुक्रवारी दुपारी लक्षात आलं, की एका अ‍ॅपच्या नकाशावर आमच्या सोसायटीचं नावच नाही. म्हटलं, आपण काय फक्त क्लायंटसाठीच राबायचं? उपग्रहाच्या फोटोत आमची गच्ची शोधली, पाण्याची टाकी ओळखली आणि बरोब्बर मधोमध क्लिक केलं. नाव टाईप केलं, सेव्ह केलं. फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉटसुद्धा टाकला... ‘आपण मॅपवर आलो!’

गच्चीच्या मधोमध. आता मला सांगा, तुमच्याकडे पाहुणे गच्चीतून येतात का?

त्या ठिपक्याला मागची गल्ली जवळ होती, पुढचा रस्ता लांब. अ‍ॅपनं जवळचा रस्ता निवडला. त्या बिचाऱ्याला भिंत कुठे दिसते? ड्रायव्हरची चूक नाही, अ‍ॅपची नाही. एसीत बसून क्लिक करणाऱ्याची!

दोन आकड्यांचा खेळ

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, चहा संपायच्या आत संपेल.

ही पिन आपल्या आयुष्यात घुसली फेब्रुवारी २००५ मध्ये, गुगल मॅप्सबरोबर. येन्स आइलस्ट्रुप रासमुसेन या डॅनिश इंजिनिअरनं ती काढली. उलट्या थेंबासारखी, खाली टोकदार. साधी दिसते, पण भारी डोकं लावलंय. टोक जागेवर टेकतं आणि अंग वर तरंगतं, त्यामुळे खालची गल्ली झाकली जात नाही. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं ही पिन आपल्या संग्रहात घेतली. थोडक्यात काय, तुम्ही पिझ्झा मागवताना रोज एक म्युझियम पीस वापरता!

कोडमध्ये ही पिन म्हणजे फक्त दोन आकडे. अक्षांश आणि रेखांश. आधीचा सांगतो विषुववृत्तापासून किती वर, नंतरचा सांगतो ग्रिनिचपासून किती पूर्वेला. पुण्याचे आकडे १८.५२०४ आणि ७३.८५६७. मी वापरतो ते लीफलेट. कीव्हच्या व्होलोदिमिर अगाफोंकिन या पठ्ठ्यानं २०११ मध्ये खुलं केलेलं फुकट साधन. त्यात एक ओळ लिहायची. मार्कर म्हणायचं, कंसात दोन आकडे द्यायचे, नकाशावर चिकटव म्हणायचं. झालं. शाळेतला पोरगाही करेल.

गंमत पुढे आहे. लीफलेटला अक्षांश आधी लागतो. पण नकाशाची माहिती ज्या फाइलीत साठवतात, त्या जिओजेसन नावाच्या प्रकारात रेखांश आधी! नवीन पोरं हमखास इथे आपटतात. आकड्यांची अदलाबदल झाली, की पुणं कुठे जातं माहितीये? नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधल्या समुद्रात. बेअर आयलंड नावाच्या ओसाड बेटाच्या दक्षिणेला, साधारण पन्नास-साठ किलोमीटरवर. सदाशिव पेठेत आर्क्टिकचा वारा!

आणि आकडे भरायचेच विसरलात तर? कॉम्प्युटर बऱ्याचदा दोन्हीकडे शून्य धरतो. मग तुमची पिन पडते आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, जिथे विषुववृत्त आणि शून्य रेखांश एकमेकांना छेदतात. तिथे पाण्याशिवाय काही नाही. पण डेव्हलपर मंडळींनी त्या जागेला लाडानं नाव ठेवलंय, नल आयलंड. जगभरातले हरवलेले पत्ते तिथे राहायला जातात.

या चुका गाजतात, कारण त्या दिसतात. पुणं समुद्रात बुडालं की टेस्टिंगवाली मुलगी लगेच ओरडते. पण सदाशिव पेठेतल्या सदाशिव पेठेत पिन तीस-चाळीस मीटर हलली तर? कुणालाच दिसत नाही. रात्रीचे दोन वाजेपर्यंत.

आता दशांश चिन्हापुढची घरं बघा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांशानंतर चौथ्या घरातला एक म्हणजे ११ मीटर. पाचव्यातला एक म्हणजे साधारण हातभर पाऊल टाकावं इतकं, १.१ मीटर. सहाव्यातला ११ सेंटिमीटर. माझ्या पिनला सहा घरं होती! म्हणजे आमच्या गच्चीचा मध्य कुठे आहे, हे मी वीतभर अंतराइतकं नेमकं सांगितलं होतं. काटेकोर होती पिन. फक्त चुकीच्या जागेचं उत्तर देत होती.

अकरा देव, एक जागा

बाबा घरी आल्यावर मी ठरवलं, हे काम नीट शिकायचं. आणि शिकायचं तर आपल्याच गल्लीत. विषय तयारच होता. पेठांमधले देव!

पुण्याबाहेरून आलेल्या माझ्या टीममेट्सना ही नावं सांगितली की ते मला वेड्यात काढतात. खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा, पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, डुल्या मारुती, भिकारदास मारुती, चिमण्या गणपती, मोदी गणपती, गुपचूप गणपती. पासोड्या विकायला बसायचे तो पासोड्या. पत्र्याखाली होता तो पत्र्या. पानिपतावर लढाई पेटली तेव्हा मूर्ती डुलली, म्हणून डुल्या, असं सांगतात. खुन्या मुरलीधराच्या स्थापनेच्या वेळी तिथे चकमक होऊन माणसं पडली, म्हणून ते नाव. म्हणजे बघा, शेकडो वर्षांपूर्वी पुणेकरांनी मार्कर लावून ठेवलेत. प्रत्येकाला वेगळं नाव, प्रत्येकाला एक गोष्ट. क्लिक केलं की उघडणारी खिडकी तेव्हा माणसाच्या तोंडात होती, एवढंच.

मी बत्तीस नावांची यादी केली. नाव, पेठ, पुणे. ती जिओकोडरला दिली. हा म्हणजे पत्ता घेऊन आकडे परत देणारा प्रोग्रॅम. दोन सेकंदांत बत्तीस उत्तरं! मी खूश. नकाशा उघडला तर सदाशिव पेठेवर एकच गोल आणि त्यात आकडा ११.

पिना दाटीवाटीनं आल्या की त्यांचा असा एक गोल करून दाखवायची सोय असते. जवळ गेलं की गोल फुटतो आणि सुट्या पिना दिसतात. मी जवळ गेलो. आणखी जवळ गेलो. गोल फुटेना. शेवटच्या पायरीवर क्लिक केलं, तर अकरा पिना कोळ्याच्या पायांसारख्या पसरल्या. सगळ्यांचे आकडे एकच! प्रोग्रॅमला देवळं सापडलीच नव्हती. त्याला समजली होती फक्त ‘सदाशिव पेठ’, आणि पेठेसाठी त्याच्याकडे एकच ठरलेला बिंदू होता. सापडलं नाही असं म्हणायच्या ऐवजी त्यानं अकरा देवांना एकाच खोलीत कोंबलं आणि मला दिलं सहा घरांचं उत्तर.

हे जरा लक्षात ठेवा. नकाशा कधी ‘माहीत नाही’ म्हणत नाही. तो ठिपका दाखवतो. खात्रीचा ठिपका आणि अंदाजाचा ठिपका दिसायला सेम टू सेम असतात.

मग मी पिना हातानं सरकवल्या. शिवाय हौस म्हणून लाल पिनच्या जागी शेंदरी पिन काढली. सही दिसत होती. बाबांना दाखवायला लॅपटॉप घेऊन गेलो. त्यांनी चष्मा वर केला, नकाशा लहान-मोठा करून बघितला आणि म्हणाले, ‘अरे, तुझा पत्र्या मारुती चालतोय.’

‘काय?’

‘मघाशी नारायण पेठेत होता. आता लक्ष्मी रोड ओलांडून आपल्याकडे आलाय.’

मला वाटलं औषधांचा परिणाम. पण खरंच! जवळून बघितलं की पिनचं टोक जवळजवळ जागेवर. शहर दिसेल इतकं मागे गेलं की सगळे देव एकजात दक्षिणेला सरकलेले. अर्धा तास डोकं खाजवलं तेव्हा सापडलं. चित्राचा कुठला बिंदू जागेवर टेकवायचा, हे कोडला सांगावं लागतं. त्याला अँकर म्हणतात, नांगर. मी नवीन पिनचं माप दिलं, पण नांगर द्यायचा विसरलो. मग लीफलेटनं चित्राचा मध्य जागेवर ठेवला. माझी पिन ४१ पिक्सेल उंच, म्हणजे टोक वीस पिक्सेल खाली लोंबलं. गल्लीइतकं जवळ गेलं की वीस पिक्सेल म्हणजे बारा मीटरच्या आत. पण शहर दिसेल इतकं मागे आलं, की तेच वीस पिक्सेल साडेतीनशे मीटरच्या पुढे जातात! आकडे बरोबर, कोड बरोबर, आणि देव दुसऱ्या पेठेत.

एका ओळीत दुरुस्त झालं. पण ते पकडलं कुणी? ज्याला पत्र्या मारुती कुठे आहे हे माहीत होतं त्यानं. मला कोड माहीत होता. पेठ बाबांना माहीत होती.

सात रविवार

डॉक्टरांनी बाबांना रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलं होतं. बाबांना ‘नुसतं चालणं’ मान्य नव्हतं. ‘कामाशिवाय काय हिंडायचं?’ म्हटलं, चला, काम देतो. दर रविवारी सकाळी सात वाजता आम्ही निघायला लागलो. माझ्या हातात मोबाइल, त्यांच्या हातात छत्री.

सकाळी सातला पेठा बघितल्यात कधी? नसतील तर बघाच. लक्ष्मी रोड चक्क रिकामा असतो. दुकानांची शटर्स खाली, पाट्या पहिल्यांदाच वाचता येतात. दुधाच्या पिशव्या दारांना लटकलेल्या, कुठूनतरी धूप आणि कुठूनतरी फोडणी. मंडईच्या बाजूनं टेम्पो येताना दिसतात. (ती मंडई १८८६ ची. आधी रे मार्केट, मग महात्मा फुले मंडई. पण ‘महात्मा फुले मंडईत जाऊन येतो’ असं म्हणणारा पुणेकर मी अजून बघितलेला नाही. तसंच लोकमान्य टिळक चौकाचं. विचारा कुणालाही, ‘अलका चौक’ म्हणेल. माझ्या नकाशात मी लोकांच्या तोंडातलं नाव आधी घातलं, कागदावरचं नंतर.)

आमची पद्धत ठरलेली. देवळापाशी पोचायचं, दार कुठल्या बाजूला ते बघायचं, उंबऱ्यासमोर उभं राहायचं आणि मोबाइलला विचारायचं, आपण कुठे आहोत? फोन आकडे देतो आणि सोबत आणखी एक आकडा देतो, जो फार कुणी बघत नाही. माझी चूक किती मीटरची असू शकते, याचा त्याचा स्वतःचा अंदाज. मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटर. दहाच्या खाली असेल तरच नोंद करायची, असं मी ठरवलं होतं.

मुंजाबाच्या बोळात तो आकडा ३५ वर गेला! निळा ठिपका या गल्लीतून त्या गल्लीत बेडकासारख्या उड्या मारायला लागला. कारण साधं आहे. उपग्रहाचा सिग्नल उंच भिंतींवर आपटून उशिरा पोचतो आणि फोनला वाटतं आपण लांब आहोत. बोळ जितका अरुंद, तितकी गफलत मोठी. म्हणजे जिथे दहा मीटरनं गल्ली बदलते, तिथेच यंत्र पस्तीस मीटर चुकतं.

‘मग आता?’ बाबा म्हणाले.

‘आता मोकळ्या कोपऱ्यावर जाऊन रीडिंग घ्यायचं आणि तिथून पावलं मोजत यायचं.’

‘म्हणजे आम्ही लहानपणी सांगायचो तसंच. कोपऱ्यापासून चाळीस पावलं.’

बोळातून बाहेर पडल्यावर बेडेकरांची मिसळ आलीच. मी मिसळ, बाबांनी बिनसाखरेचा चहा. माझ्या ताटलीतल्या तर्रीकडे त्यांनी ज्या नजरेनं बघितलं, ती मी विसरणार नाही.

एका देवळाबाहेर हारवाल्या मावशी आमच्याकडे बराच वेळ बघत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, ‘मोजणी करताय का? रस्ता रुंद होणारे?’

‘नाही हो मावशी, देवळाचं दार नकाशात घालतोय.’

‘मग इकडं कशाला उभे? हे दार कधीच उघडत नाही. पलीकडून आहे वाट.’

मी गप्प. उपग्रहाच्या फोटोत दिसत नाही, फोनला कळत नाही, अशी माहिती मावशींकडे होती. आणि त्यांच्या पहिल्या प्रश्नानं मी जरा चरकलोही. पेठेत कुणी फोन रोखून भिंतींकडे बघायला लागलं, की लोकांच्या पोटात गोळा येतो. आमच्यासाठी ठिपका म्हणजे सोय. त्यांच्यासाठी ठिपका म्हणजे पुढे येणारी पालिकेची नोटीस. तेव्हापासून आम्ही आधी सांगायला लागलो, कोण आहोत आणि काय करतोय. चहाही मिळायला लागला!

तिसऱ्या-चौथ्या रविवारी मला एक गोष्ट कळली. बाबा पत्ता सांगताना कधीच जागा सांगत नाहीत. ते वाट सांगतात. ‘चिमण्या गणपतीवरून पुढे यायचं, नागनाथ पाराकडे न जाता अलीकडे वळायचं, सायकलवाल्याच्या शेजारून बोळ आहे, आत आल्यावर दुसरा जिना.’ माझ्या कोडमध्ये जागा म्हणजे बिंदू. बाबांच्या डोक्यात जागा म्हणजे शेवटचं वळण.

आणि अ‍ॅम्ब्युलन्सला काय हवं होतं? बिंदू नाही. शेवटचं वळण.

एक पिन वेलणकरांची

एका चालण्यात बाबांनी मला विचारलं, ‘पिनकोडमधला पिन म्हणजे कुठला पिन, माहितीये?’ मला नव्हतं. पोस्टल इंडेक्स नंबर. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि त्यामागचा माणूस मराठी, श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल खात्यातले बडे अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या भाषा, वाचता न येणारं अक्षर. या गोंधळावर त्यांचा उपाय सहा आकड्यांचा. आमचा ४११०३०. त्यानं पत्र आमच्या पोस्टापर्यंत येतं. पुढे? पुढे पोस्टमन. त्याला दार माहीत असतं.

आता मे २०२५ मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणला. सगळा देश साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत वाटून प्रत्येकाला दहा अक्षर-आकड्यांचा कोड. भन्नाट कल्पना आहे. मी उत्साहानं आमचा काढायला बसलो आणि थबकलो. आमच्या इमारतीवर असे कितीतरी चौकोन बसतात. गच्चीच्या मध्याचा कोड वेगळा, मागच्या भिंतीचा वेगळा, बोळाच्या तोंडाचा वेगळा. चौकोन छोटा झाला म्हणून तो आपोआप दारावर येत नाही. कुठला द्यायचा, हे माणसालाच ठरवावं लागतं. तेही दाराशी उभं राहून.

सातवा रविवार

सातव्या रविवारी देव संपले होते. बत्तीसपैकी एकोणतीस पिना दाराशी टेकल्या. तीन दारं आम्हाला पटेनात, म्हणून त्या तीन पिना मी करड्या रंगाच्या ठेवल्यात. म्हणजे अंदाज आहे, खात्री नाही. माझ्या नकाशातली ती माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे.

घरी परत येताना बाबा आमच्या बोळाच्या तोंडाशी थांबले. दोन दुकानांच्या मधे, छत्री टेकवून.

‘आता इथे घे रीडिंग.’

मी फोन काढला. रस्ता मोकळा, वर आकाश. चूक सहा मीटर. तीनदा घेतलं, सरासरी काढली. घरी येऊन त्या अ‍ॅपवर दुरुस्ती पाठवली. खुल्या नकाशावर, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपवर तर इमारत वेगळी आणि तिचं दार वेगळं नोंदवायची सोयच आहे. तिथे दोन्ही घातली. इमारतीला तिचं नाव, बोळाच्या तोंडाला ‘प्रवेश’.

जुन्या आणि नव्या पिनमध्ये अंतर अडतीस मीटर. आकड्यांत बघाल तर दशांशानंतरच्या चौथ्या घरात तीनचा फरक. बस्स. स्क्रीनवर तुम्हाला तो दिसणारही नाही.

काही दिवसांनी दुरुस्ती मान्य झाल्याचा निरोप आला. त्या रात्री मी मुद्दाम बाहेरून जेवण मागवलं. आई वैतागली, ‘घरात भाजी आहे ना!’ म्हटलं, टेस्टिंग आहे. मी खिडकीत उभा. पोरगा बाईकवरून आला, बोळाच्या तोंडाशी थांबला, फोनकडे बघितलं, वर बघितलं आणि सरळ आत आला. फोन नाही, ‘कुठे आहात’ नाही, काही नाही. बेल वाजली.

दार बाबांनी उघडलं. पार्सल घेतलं आणि त्याला विचारलं, ‘सापडलं का रे लगेच?’

‘हो काका. पिन दारातच आहे.’

बाबा माझ्याकडे वळले. काहीतरी कौतुक करतील असं वाटलं होतं. म्हणाले, ‘आणि शेजारच्या काकांची बिल्डिंग? त्यांची पिन कुणी बघायची?’

पुढच्या रविवारी सात वाजता निघतोय. त्या रात्री चौकात टॉर्च घेऊन उभं राहिलेल्या माणसाचं दार आता आमच्या यादीत पहिलं आहे.

तुम्हीही करा!

* आज घरी जाल तेव्हा गेटसमोर उभे राहा आणि तुमच्या सोसायटीची पिन उघडून बघा. ती गच्चीवर आहे की दारात? चुकीची असेल तर दुरुस्ती सुचवा. पाच मिनिटांचं काम आहे.

* लोकेशन पाठवताना बेडरूममधून पाठवू नका. एकदाच गेटपाशी उभं राहून घ्या, सेव्ह करा आणि तेच घरातल्या सगळ्यांना पाठवून ठेवा. आईबाबांच्या फोनमध्येसुद्धा!

* पिनसोबत एक ओळ लिहा. ‘अमुक दुकानाच्या शेजारचा बोळ, आत आल्यावर दुसरा जिना.’ शेवटचं वळण शब्दांतच सांगता येतं.

* रात्रीची गाडी बोलावली असेल, तर एका माणसाला दिवा घेऊन चौकात उभं करा. याहून चांगला मार्कर अजून निघालेला नाही.

* नकाशावर काम करणाऱ्या दोस्तांनो, आकड्यांचा क्रम तपासा, पिनचा नांगर तपासा आणि अंदाजाची पिन वेगळ्या रंगात दाखवा. आणि रविवारी एकदा तरी खाली उतरा. पेठेत सकाळी सात वाजता पार्किंगसुद्धा मिळतं, बॉस!